फुकटचा व्यायाम आणि तीन जिने

त्या वर्षी आमच्या घरात दोन दुखणी होती. एक माझी साखर आणि दुसरं बायकोचा उजवा गुडघा. साखरेसाठी डॉक्टर होता, रिपोर्ट होता, पथ्य होतं आणि घरभर काळजी होती. गुडघ्यासाठी तिळाचं तेल होतं, तेही तिचं तीच चोळायची.

डॉक्टरांनी मला तीन महिन्यांची मुदत दिली. "व्यायाम करा, नाहीतर गोळ्या कायमच्या मागं लागतील." आमच्या मुकुंदवाडीच्या बाजूला तेव्हा चौकाचौकात जिम निघाल्या होत्या. पावसानं सलग दोन वर्षं पाठ फिरवलेली, बोअर आटलेले, आणि इमारती मात्र उगवतच होत्या. कशाच्या ओलीवर, ते बिल्डरलाच ठाऊक. मी एका जिममध्ये चौकशीला गेलो. मालकानं मोठ्या अभिमानानं सगळी यंत्रं दाखवली. एका यंत्रावर एक तरुण जागच्या जागी चालत होता. दुसऱ्यावर एक बाई जागच्या जागी जिना चढत होत्या. जिना संपत नव्हता आणि मजलाही येत नव्हता. मी महिन्याची फी विचारली आणि आपल्याकडं नकार देण्याची जी सभ्य पद्धत आहे तिला अनुसरून "घरी विचारून सांगतो" म्हणालो.

घरी आल्यावर हसत हसत बायकोला सांगितलं, "लोक पैसे मोजून जिना चढतात! आपल्याकडं तीन मजले फुकट आहेत."

ती नुकतीच डोक्यावरचा हंडा उतरवून दाराशी टेकली होती. "व्हय, लई फुकट हायेत," ती म्हणाली.

मला वाटलं, तिलाही विनोद पटला.

आमची इमारत नवी होती. लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, लिफ्ट तेवढी राहिली होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दुष्काळात टँकर यायचा तो तीन दिवसाआड, सकाळी सहाच्या सुमाराला. आधी ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. पण तळमजल्याचे लोक नळ सोडून पायऱ्या धुतात, असा वरच्यांचा संशय, आणि वरचे कूलरमध्ये पाणी ओततात, असा खालच्यांचा. शेवटी मीटिंग झाली. तीन तास भांडून असं ठरलं की टाकी बंद, माणशी एक निळा ड्रम, ड्रमवर घराचा नंबर, आणि ज्यानं त्यानं आपलं पाणी आपण वर न्यावं. हा ठराव मीच लिहून काढला होता. अक्षर चांगलं म्हणून. न्याय इतका चोख झाला की कुणाचंच भलं झालं नाही. ड्रम खाली ठेवायची सोय नव्हती, कारण खाली ठेवलेलं पाणी दुपारपर्यंत आपोआप कमी व्हायचं. मुलगी शिकायला बाहेरगावी, म्हणजे आमचे दोन ड्रम. दोन ड्रम म्हणजे पंचवीस-सव्वीस फेऱ्या.

मी व्यायामाला बाहेर पडायचो पावणेसहाला.

पहिल्या आठवड्यात तो योगायोग होता. नंतर नव्हता. हे आज कबूल करतो. तेव्हा विचारलं असतं तर सकाळच्या कोवळ्या हवेचे गुण सांगितले असते.

स्टेशनामागं तेव्हा मोकळा माळ होता. मी आणि गुलमंडीत कापडाचं दुकान असलेले एक गृहस्थ, असे आम्ही दोघं तिथं जायचो. ते नुकतेच जुन्या शहरातून आमच्या बाजूला राहायला आले होते. "जिम में क्या रखा है साहेब," ते म्हणायचे, "इधर हवा फुकट, जमीन फुकट, अल्ला का दिया सब कुछ है." जमीन तेवढी फुकट राहिली नाही. दर पंधरा दिवसांनी माळावर नवे दगड रोवले जायचे, चुन्याच्या रेघा पडायच्या आणि आमची फेरी तेवढी आखूड व्हायची. पण त्याचाही आम्ही फायदा काढला. बांधकामाच्या ढिगातली वाळू मी तेलाच्या दोन रिकाम्या कॅनमध्ये भरली. झाले डंबेल्स! एकेका हातात पाच लिटरचा कॅन धरून मी माळावर वर-खाली करायचो, आणि त्याच वेळी माझी बायको पंधरा लिटरचा हंडा घेऊन तेच करत होती. तिच्या हंड्यात वाळू नव्हती, एवढाच काय तो फरक.

घरी आलो की अंगातून घामाच्या धारा. घाम म्हणजे माझं प्रमाणपत्र. मग आंघोळीला पूर्ण बादली, ट्रॅकसूट धुवायला अर्धी, आणि व्यायामानं तहान वाढते म्हणून तांब्यावर तांब्या. घरात तेव्हा आंघोळ मोठ्या घमेल्यात बसून करायची रीत होती, म्हणजे तेच पाणी पुढं फरशीला आणि संडासाला. ती स्वतः तीन तांब्यांत आंघोळ आटपायची.

एकदा म्हणाली, "एखाद दिवस अर्ध्या बादलीत भागवा की."

"अगं, घाम आलाय मला!"

"दिसतंय ना. आमाला कुटं घाम येतो."

आणखी एकदा तिनं सुचवलं, की जिमचे वाचलेत त्यातले थोडे पैसे देऊन पाणी वर आणायला एखादा माणूस लावू या. मी तिला काटकसरीवर छोटंसं भाषण दिलं. घरचं काम घरच्या माणसानं करावं, वगैरे. घरचं माणूस म्हणजे कोण, हा प्रश्न मला भाषणात आडवा आला नाही. तिचं माहेर बिडकीनचं. लहानपणी मळ्यातल्या विहिरीवरून तिनं पाणी वाहिलेलं. त्यामुळं कुणी विचारलंच तर माझ्याकडं उत्तर तयार असायचं, "तिला सवय आहे." बैलालाही सवयच असते, पण त्याला निदान पोळ्याला सुट्टी देतात.

तीन महिने झाले. रिपोर्ट आला. साखर उतरली होती. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी मला पेशंटांच्या देखत शाबासकी दिली. बायको सोबत आली होती; गुडघा सुजून आता पाय पूर्ण वाकत नव्हता. मीच म्हटलं, आलोच आहोत तर दाखवून घेऊ. एका फेरीत दोन कामं होतात.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. झीज बरीच झाली आहे, म्हणाले. जिना बंद, ओझं बंद. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "वहिनी, थोडा व्यायाम ठेवा. वजन आटोक्यात राहतं. यांच्याकडून शिका जरा."

मी वाट पाहिली की ती आता काहीतरी सणसणीत बोलेल. तिला बोलता येतं, ते मला ठाऊक आहे. ती फक्त "व्हय" म्हणाली आणि साडी नीट करून उठली. त्या क्षणी मला माझी लाज वाटली. खरी लाज, विनोद करून घालवता येत नाही तसली.

पुढच्या टँकरला मी माळावर गेलो नाही. तिला वरच बसवलं आणि हंडा घेऊन खाली उतरलो. शेजाऱ्यांनी "आज इकडं कुणीकडं?" असं विचारून घेतलं. पहिली फेरी ऐटीत झाली. दुसरीला खांदा बोलायला लागला. डोक्यावर हंडा ठरेना, कमरेवर धरला तर पाणी हिंदकळून अंगावर. चौथ्या फेरीला दुसऱ्या मजल्यावर मी हंडा कडेला ठेवून पायरीवर बसलो. डॉक्टरांनी शाबासकी दिलेला माणूस. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. अजून एकवीस-बावीस फेऱ्या बाकी होत्या.

वरून आवाज आला, "काय झालं हो?"

मग कठड्याचा आवाज आला. ती उतरत होती. एक पाय खाली टाकायचा, दुसरा त्याच्याशेजारी आणून ठेवायचा, मग पुढची पायरी. मला ओरडून सांगायचं होतं की येऊ नकोस, डॉक्टरांनी काय सांगितलंय. पण सांगायला दम तर पाहिजे. मी नुसता हात हलवला. तिला तो दिसला असेल किंवा नसेल.

ती माझ्यापर्यंत आली. माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं, साडीचा काठ कमरेला खोचला, पदराचं टोक गुंडाळून डोक्यावर चुंबळ केली.

"सरका," ती म्हणाली.

मी सरकलो. तिनं हंडा उचलला आणि कठडा धरून वर निघाली.