आहेरात बुजवलेलं भोक

पन्नाशी ओलांडली की माणूस प्लॉट घेतो, गुडघ्याला पट्टा घेतो, फार तर मोठ्या आवाजाची मोटारसायकल घेतो. मी होडी घेतली. शिडाची, वापरलेली, अकरा फूट चार इंच लांब. मला शिडाच्या होडीतलं काहीही येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे ते सगळ्यांनाच कळलं.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा उतारा मोजतो. हंगामात शंभर किलो उसातून किती साखर निघाली ते दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत सांगायचं आणि हंगाम संपला की यंत्रं पुसत बसायचं. अशाच पुसण्याच्या दिवसांत मोबाईलवर शिडाच्या होड्यांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. त्यातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. ही होडी वाऱ्याच्या विरुद्ध जाऊ शकते. सरळ नाही, एकदा या काठाकडे, एकदा त्या काठाकडे, अशी नागमोडी. पण जाते, आणि तीही वाऱ्याच्याच जोरावर. कागदावर कोन काढून मला ते पटलं होतं. पाण्यावर पटतं का, ते बघायचं होतं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नव्हतं आणि घरी मी तेच सांगितलं.

माझी बायको हायस्कुलात खेळाची शिक्षिका आहे आणि खो-खोची पंच म्हणून तिचा दरारा आहे. तिच्या शिट्टीवर वाद घालणारे प्रशिक्षक उरलेला सामना मैदानाच्या कुंपणाबाहेरून बघतात. तिने होडीला नकार दिला नाही. तिने नियम सांगितला.

"जिथनं सुटाल तिथं शिडावर परत यायचं, पहिल्याच दिवशी. कुणी ओढून आणलं तर होडी त्याच दिवशी विकायला काढायची."

सरावाला काही मुभा, असं मी विचारलं. ती म्हणाली, आपल्या नदीत मगर आहे, ती सराव आहे म्हणून थांबत नाही.

होडी मिळाली वाईच्या पलीकडे, धोम धरणाच्या काठावर, एका निवृत्त फौजी माणसाकडे. त्यांचे गुडघे गेले होते आणि ते मुलीकडे राहायला निघाले होते. मी टेप, बॅटरी, ओळंबा आणि ताणकाटा घेऊन गेलो. होडीचं अंग बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं, डोलकाठीला ओळंबा लावला, शिडावरची ठिगळं मोजली, सुकाणू काट्याला टांगून त्याचं वजन केलं. ते गृहस्थ खुर्ची आणून बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"पाव्हणं," शेवटी ते म्हणाले, "भरतीला आलेल्या पोराची पण एवढी मेडिकल होत न्हाई."

मग त्यांनी होडीच्या मधोमध तळाला असलेली फट दाखवली. फटीभोवती गुडघ्याएवढी उंच पेटी होती, म्हणजे पाणी आत येत नाही. त्या पेटीतून दाराच्या फळीसारखी एक जाड फळी खाली पाण्यात सोडायची. वारा होडीला बाजूला ढकलतो, ही फळी तिला सरकू देत नाही. "शीड फाटलं तरी चालंल, पर ही पायजेच. हिच्याबिगर होडी साबणावानी घसरती." मग ते गुडघ्यांसकट होडीत चढले, मला ओझं म्हणून एका बाजूला बसवलं आणि फौजी भाषेत ओरडत धरणात एक चक्कर मारून आणली. येताना वारा तोंडावर होता आणि तरी आम्ही परत आलो. भाव मी केला नाही. त्या दिवशी न मोजता केलेलं तेवढं एकच काम.

टेम्पोवर होडी बांधून सांगलीला निघालो. टोलनाक्यावरचा पोरगा म्हणाला, काका, गणपतीला अजून लय टाइम हाय की. टेम्पो दिवसभर आमच्या गल्लीत उभा राहिला आणि तेवढ्यात सगळ्या गल्लीने होडी पुरासाठी आहे असं ठरवून टाकलं. सांगलीत होडी दिसली की माणसाला पूर आठवतो, यात त्यांचा दोष नाही. पण शेजारच्या आजी मला थांबवून म्हणाल्या की पहिल्या फेरीत त्या, आणि त्यांचा गॅस-सिलिंडरसुद्धा. समोरच्याने म्हशीचं विचारलं. ही होडी दोन माणसांची आहे, असं मी सांगत राहिलो. तेव्हा अडचणीच्या वेळी माणूस कसा बदलतो याची त्यांच्यात चर्चा झाली.

होडी ठेवली मेहुण्याकडे. बायकोचा हा धाकटा भाऊ नदीकाठच्या गावात राहतो आणि श्रावण-भाद्रपदात होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारतो. त्याच्या मंडळाची होडी लांबलचक आणि सडपातळ, तिला डोलकाठी नाही की फळी नाही, फक्त दंड. ही माणसं होडीला पोटच्या पोरीसारखं जपतात. कुठे केसाएवढी चीर दिसली तरी त्यांचं जेवण जात नाही. मेहुण्याने माझ्या होडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि चहा सांगितला. तो चांगल्या मनाचा आहे. पाहुण्यांच्या वस्तूला तो तोंडावर नावं ठेवत नाही.

लगेच मला वडूजला चुलत भावाच्या घरी लग्नाला जावं लागलं. परतल्यावर मेहुण्याचा फोन आला की मुहूर्त रविवारचा धरलाय, आईपण येतीया, दाजी, तुमी फक्त या.

रविवारी दुपारनंतर घाटावर गेलो तर निम्मं गाव हजर. मंडळाचे सगळे गडी, सासूबाई नव्या लुगड्यात, होडीला हार. बायकोने नदीची ओटी भरली, मी नारळ फोडला. मग मेहुण्याने मला हाताला धरून होडीपाशी नेलं. होडी निळ्या रंगाने चकाकत होती. मी पेटीत डोकावलो. फट नव्हती. तिथे फायबरचा थर होता, वरून आणि खालून, घासून संगमरवरासारखा गुळगुळीत केलेला.

"कसं केलंय, दाजी?" मेहुणा म्हणाला. "एवढं मोठं भोक घेऊन तुमी पान्यात जानार व्हता. त्या फौजीनं गंडवलं तुमाला. आता थेंब येनार न्हाई."

पेटी त्याने तशीच ठेवली होती, पानाचा डबा ठेवायला. मी हळूच विचारलं, आणि फळी? ती सासूबाईंनी कुरडया घालायला घेतली होती. लांबी-रुंदीला बरोबर बसली म्हणाल्या.

मी सांगायचा प्रयत्न केला. ते भोक मुद्दाम होतं, असं म्हणालो. मंडळाचे गडी एकमेकांकडे बघून हसले. मुद्दाम भोक ठेवलेली होडी त्यांच्या सात पिढ्यांनी बघितली नव्हती. मग सासूबाई मध्ये पडल्या. नव्या होडीला माहेरचा आहेर हवा, म्हणून पोराने दोन दिवस काम बुडवून हे केलं होतं, आणि आहेराला जावयाने नाक मुरडायचं नसतं. सगळ्यांसमोर मेहुण्याचा चेहरा पडायला लागला. मी म्हणालो, छान झालंय. आणि चढलो.

मनात हिशोब असा होता की वारा कमी आहे, सुकाणूवर थोडं निभावेल. दुपारनंतर आमच्याकडे वारा नदीच्या वरच्या अंगाने बंधाऱ्याकडे वाहतो. जाताना तो पाठीवर होता. शीड फुगलं, होडी झोकात निघाली आणि घाटावरून टाळ्या आल्या. मीही हात हलवला, हे मला आठवतं. मग वळलो.

वळल्यावर होडीचं नाक घाटाकडे झालं, पण होडी घाटाकडे जाईना. ती आडवी सरकायला लागली. मी शीड ओढलं, ती जास्त जोरात आडवी सरकली. शीड सैल सोडलं, ती विचार केल्यासारखी थांबली आणि पुन्हा आडवी सरकली. पलीकडच्या काठाला एक वाळूचा पट्टा आहे, तिथे उन्हाला मगर येऊन पडते. गावात ती सगळ्यांच्या ओळखीची आहे आणि त्या दिवशीही होती. मी तिच्याकडे पाठ करून, नाक घाटाकडे ठेवून, अगदी शिस्तीत तिच्या दिशेने जात होतो. घाटावरून लोक ओरडून सूचना देत होते. त्यातली एकही शिडाबद्दल नव्हती. मगर आधी पाण्यात उतरली की मीच आधी ओरडलो, यावर गावात अजून एकमत नाही.

मंडळाची लांब होडी आली आणि गड्यांनी मला दोर टाकला. ओढत नेताना मेहुणा त्याच्या होडीच्या मागच्या टोकाला, म्हणजे माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. तो बराच वेळ माझ्या होडीकडे बघत होता.

"दाजी, ही आडवी का जातीया?"

"फळी नाही म्हणून."

"म्हंजे मी भोक बुजवलं म्हनून."

"हो."

त्याने वल्हं पाण्यात घातलं आणि नुसतं धरून ठेवलं.

घाटावर बायको हाताची घडी घालून उभी होती. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, ओढून आणलं, होडी विकायची. मला वाईट वाटत होतं, पण बोलायला तोंड नव्हतं. होडी वाचवायची तर तिच्या आईसमोर तिच्या भावाचा आहेर वाईट होता असं म्हणायला हवं होतं, आणि एकदा मी तो छान म्हणून बसलो होतो. मी शीड गुंडाळायला घेतलं. एक गडी तर गिऱ्हाईकही सुचवायला लागला, रिसॉर्टवाला, बागेत ठेवून त्यात फुलझाडं लावणारा.

"अक्का, थांब," मेहुणा म्हणाला. "चूक माझी हाय."

"चूक कुणाची हे नियमात नाही."

"न्हाई ना? मग सांग मला. खो-खोत एका बाजूचा खांबच रोवला न्हाई, आन् पोरं पळली, तर तू निकाल लावतीस?"

तिने हाताची घडी सोडली. उत्तर घाटावर सगळ्यांना माहीत होतं. कवठे महांकाळला एका सामन्यात खांब वीतभर बुटका निघाला म्हणून तिने पूर्ण झालेला डाव रद्द करून पुन्हा खेळवला होता, आणि तोही स्वतःच्या शाळेचा संघ जिंकलेला असताना.

"सामना पुन्हा होईल," ती म्हणाली. "पण काठावरून मला काही दिसत नाही. मी होडीत बसणार."

आता भोक पाडणं आलं. ग्राइंडर मेहुण्याचाच होता, पण तो चालवायला मंडळातला एकही गडी तयार होईना. धडधाकट होडीला भोक पाडायचं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. सासूबाई पलीकडे तोंड करून बसल्या. आहेर कापताना त्यांना बघायचं नव्हतं. शेवटी मेहुण्याने स्वतः कापलं, डोळे बारीक करून, आणि प्रत्येक इंचाला मला विचारत, बास का. मी टेप धरून होतो. बास नव्हतं. कुरडया फळीवरून सोडवायला त्याहून जास्त वेळ गेला आणि त्यातल्या बऱ्याच मोडल्या. ते मला अजून ऐकवलं जातं.

पुढच्या रविवारी हार नव्हता आणि माणसंही निम्मीच होती. बायको सलवार-कमीजवर बूट घालून आली, गळ्यात शिट्टी. होडीत बसताना तिने दोन्ही काठ घट्ट धरले, पण चेहरा मैदानावरचाच ठेवला. जाताना वारा पुन्हा पाठीवर होता. वळलो, फळी पूर्ण खाली सोडली आणि होडी एका बाजूला कलून पुढे निघाली. पुढे. आडवी नाही. प्रत्येक काठापाशी शीड या बाजूचं त्या बाजूला घ्यायचं, आम्ही दोघांनी वाकून जागा बदलायची, आणि पुन्हा तिरकं निघायचं. पहिल्या वळणाला डोलकाठीचा आडवा दांडा माझ्या कानशिलावर बसला. दुसऱ्यालाही. तिसऱ्या वळणाला बायकोने शिट्टी वाजवली, म्हणजे मला वाकायचं कळेल. नंतर प्रत्येक वळण शिट्टीवर झालं आणि बरं झालं. घाट इतक्या सावकाश जवळ येत होता की बघायला आलेली माणसं कंटाळून उठून गेली.

आणि घाट अगदी समोर आल्यावर वारा पडला. शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबायला लागलं. घाटाची खालची पायरी जेमतेम दीड होडीच्या अंतरावर. मी हाताने पाणी मारू का, असं बघितलं. तिने नुसती मान आडवी हलवली. मेहुणा कपड्यांसकट छातीभर पाण्यात आला आणि त्याने हात पुढे केला.

"दे दोर, अक्का. एवढ्यासाठी काय बसताय."

तिने शिट्टी वाजवली. घाटावरची कुत्री उठून बसली.

"बाहेर हो. होडीला हात लावायचा नाही. वारा येईल."

"आन् न्हाई आला तर?"

"तर बसतो आम्ही. तू जा जेवायला."

तो गेला नाही. पायरीवर बसून राहिला, ओला. आम्ही दोघं होडीत बसून राहिलो, ती पुढे आणि मी सुकाणूपाशी. होडी हळूहळू मागे जायला लागली तेव्हा ती मला म्हणाली, फळी नीट आहे का बघा. मी बघितली, नीट होती. मग पलीकडच्या काठच्या मळीच्या रानातला ऊस सळसळला, शीड एकदा हललं, आणि पायरीला होडी टेकली तेव्हा मला कळलंसुद्धा नाही, कारण मी उसाकडे बघत होतो.

ती उतरली. मागून ओलं झालेलं कमीज झटकलं, आणि मला म्हणाली की पुढच्या वेळी बसायच्या जागी एक पोतं टाका.