मावशीची तिसरी भाषा

माझी धाकटी मावशी दुभाषी होती. शहराचं जलशुद्धीकरण केंद्र एका श्रीमंत देशाने मदत म्हणून बांधून दिलं, तेव्हा त्या पाहुण्यांचं बोलणं आमच्या लोकांना आणि आमचं त्यांना सांगायला कुणीतरी हवं होतं. मावशीने ती परकी भाषा कॉलेजात निव्वळ हौसेने घेतली होती. "त्याने काय पोट भरणार आहे?" असं घरात ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं, तेच सगळे मग तिचं कौतुक सांगत फिरू लागले.

दर वर्षी पाहुण्यांचं शिष्टमंडळ यायचं. लांबलचक टेबलाच्या एका बाजूला ते, समोर आमचे साहेब लोक आणि टोकाला मावशी. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात बसून पाहुणे बाटलीतलं पाणी प्यायचे आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही. मावशीची खरी कला होती शब्दांचे काटे काढण्याची. आमचे साहेब करवादले, "हा पंप पाठवलाय की भंगार?" की ती तिकडे सांगायची, "पंपाबद्दल थोडं मार्गदर्शन मिळालं तर आम्ही ऋणी राहू." पाहुणा म्हणाला, "यांना एवढंही कळत नाही?" की इकडे यायचं, "प्रशिक्षण वाढवू या, असं ते म्हणतात." दोन्ही बाजू खूश.

"सगळी भांडणं मी गिळते," ती मला म्हणायची, "म्हणून तर मला जेवण कमी लागतं." हे शेवटचं साफ खोटं होतं.

वर्षं गेली. केंद्र आमचीच माणसं चालवू लागली. पंप शहराबाहेरच्या कारखान्यात बनू लागले आणि बाहेरच्या देशांतही जाऊ लागले. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायला एके काळी नोकरीला लागलेली मुलगी केंद्राची संचालक झाली. तिला सगळे 'बाई' म्हणत. मावशी मात्र केंद्रातही सगळ्यांची मावशीच होती.

त्या वर्षीच्या बैठकीत पाहुण्यांचे प्रमुख उंचसाहेब उठून उभे राहिले. हे नाव आमच्या लोकांनी ठेवलेलं; दारातून येताना त्यांना वाकावं लागे. ते म्हणाले, "तुमचा देश आता सावरला आहे. आमच्या सरकारने मदत थांबवायचं ठरवलंय. इथलं कार्यालय वर्षअखेरीस बंद होईल."

मावशीने ते सांगितलं आणि आमच्या बाजूचे चेहरे पडले. फक्त बाईंचा पडला नाही.

"थांबवा," बाई म्हणाल्या. "मदत नको, आता भागीदारी करू. शेजारच्या देशाला अशीच केंद्रं हवी आहेत. ती चालवणं आम्हाला येतं, संशोधन तुमच्याकडे आहे. खर्च निम्मा-निम्मा आणि निर्णयही निम्मे-निम्मे."

मावशी तिकडे वळली आणि तिने सवयीने सुरुवात केली, "आपली कृपा होणार असेल तर आमची नम्र विनंती आहे की..."

"मावशी," बाईंनी मध्येच अडवलं. कामापुरती ती भाषा त्यांनाही कळायला लागली होती. "माझ्या वाक्यात कृपा आणि विनंती कुठे होती?"

 मावशी घोटभर पाणी प्यायली, तिने पाठ सरळ केली आणि बाईंचं वाक्य जसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं. उंचसाहेबांनी भुवया वर केल्या. "निर्णयही?" त्यांनी विचारलं. "निर्णयही," मावशी म्हणाली, बाईंच्या उत्तराची वाट न पाहता. मग मात्र तिनेच जीभ चावली.

वाद संध्याकाळपर्यंत चालला. हो-नाही करता करता पुढे करार झाला. आणि मावशीची नोकरी गेली.

म्हणजे तिला कुणी काढलं नाही. परदेशी कार्यालय बंद झालं, तशी ती जागाच राहिली नाही. नवे इंजिनिअर पाहुण्यांशी थेट बोलत होते, फोनवर हसतसुद्धा होते.

"बरं झालं," माझी आई तिला म्हणाली. "खूप राबलीस. आता आराम कर, पाय वर करून बस."

"ताई, दोन दिवस बसून पाहिलं. पायांना मुंग्या येतात," मावशी म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत शेजारच्या देशातून आलेली एक शिंपीण होती. मावशी रोज तिच्या दुकानात जाऊन बसू लागली. ती हातशिलाई करून द्यायची, बदल्यात शिंपीण तिला आपली भाषा शिकवायची. पन्नाशी उलटलेली, शब्द डोक्यात टिकेनात. स्वयंपाक करताना मोठमोठ्याने घोकायची. आई वैतागून म्हणायची, "अगं, त्या आमटीला कळतंय का काही?"

शेजारच्या देशाची पहिली तुकडी शिकायला आली, तेव्हा मावशी न बोलावता केंद्रात हजर झाली. तिने पाण्याच्या नळीवरची झडप आवळायला सांगितली आणि पाहुणे पोट धरून हसले. शिंपिणीकडून शिकलेल्या भाषेत ती म्हणाली होती, "हिची कंबर अजून आत घ्या." पण झडप बरोबर आवळली गेली. बाईंनी त्याच दिवशी तिला कामावर घेतलं.

खरा प्रसंग नंतर आला. तुकडीतली एक पाहुणी तडकून म्हणाली, "आमच्या नदीला भयंकर गाळ असतो. तुमची ही गाळणी आमच्याकडे आठवडाभरही टिकणार नाही. आमची अडचण आधी विचारायची पद्धत नाही का?"

मावशीने ते तसंच सांगितलं. आमचा तरुण इंजिनिअर चिडला. "त्यांना म्हणावं, फुकट शिकायला मिळतंय, आधी शिका."

"सांगते," मावशी शांतपणे म्हणाली. "शब्दाला शब्द सांगेन. सांगू?"

 तो खुर्ची ओढून खाली बसला. "नको," तो म्हणाला. "गाळ किती असतो, ते विचारा."

गाळणीआधी गाळ बसवायची एक जादा टाकी हवी, हे त्या आठवड्यात ठरलं. आराखडा त्या पाहुणीने आणि आमच्या इंजिनिअरने एकत्र काढला आणि उंचसाहेबांच्या प्रयोगशाळेने तो तपासून त्यात दोन चुका दाखवल्या. त्यातली एक आमच्या लोकांनी मान्य केली, दुसरीवर अजून पत्रापत्री चालू आहे.

पहिलं केंद्र आता तिकडे उभं राहतंय आणि मावशी तिथेच आहे. आई तिला फोनवर विचारते, "परत कधी येणार?"

"टाकी भरल्यावर," ती म्हणते. "आणि ताई, फोन ठेव आता, मला आपल्या इंजिनिअरांचा भाषेचा वर्ग घ्यायचाय."