पलीकडची पाळ
बाबांची जुनी चप्पल झटकली आणि तिच्या शिवणीतून वाळू पडली. कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला मी त्यांना वाशीमजवळच्या रिठदहून कोकणात नेलं होतं. ओल्या जाळ्यांचा वास वाऱ्यावर होता. पिल्लं लाटेत दिसेनाशी झाली तसे बाबा अस्वस्थ झाले. "याची पाळ कोठी हाय रे? थे पिल्लं कोठी लागतीन?" आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, त्याला पलीकडची मातीची पाळ, म्हणजे काठ, असतेच. लोक हसले, मीही हसलो. वाशीम येईपर्यंत बाबा खिडकीबाहेरच बघत होते. शेवटच्या आजारात माझा हात धरून त्यांनी विचारलं, "पाळ दिसून राह्यली का तुले?" "दिसून राह्यली," मी खोटंच सांगितलं. ते निश्चिंत होऊन गेले. आता डोळे मिटले की मला पाणीच दिसतं, पाळ काही दिसत नाही.