फकिराचा काळा फोन

शंभर वेळा खोटं बोलावं, पण एक लग्न जुळवावं, असं आपल्याकडं म्हणतात. राजेगावच्या फकिरानं ही म्हण ऐकली नसेल असं नाही, पण तिच्यावर त्याचा विश्वास नव्हता. अठ्ठावीस वर्षं तो नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांतून सोयरिकी जुळवत होता आणि त्याची पद्धत एकच होती. खोट आधी, गुण मग. मुलाच्या ओसरीवर बसला की चहा यायच्या आत तो सांगून टाकायचा, "पोरगी एका कानानं कमी ऐकते. पटत असंल तर पुढचं सांगतो." मुलीच्या बापासमोर म्हणायचा, "पोरगं तापट आहे, आन नोकरी कच्ची आहे. आता गुण सांगू का?"

लोक त्याला तोंडाचा फाटका म्हणायचे. एकदा लांजीत एका आजीनं भरला पाण्याचा गडवा त्याच्या अंगावर रिकामा केला होता, कारण नातवाला टक्कल पडत असल्याचं त्यानं पाहुण्यांदेखत जाहीर केलं होतं. तरी सोयरिकीसाठी लोक त्यालाच बोलवायचे. त्यानं जुळवलेल्या लग्नात नंतर 'तुम्ही हे सांगितलं नव्हतं' असं भांडण निघायचं नाही, आणि भांडायला बाकी विषय पुष्कळ असतात. फकिराला या गोष्टीचा अभिमान होता. जरा जास्तच होता.

दुसऱ्यांची लग्नं जुळवणाऱ्याच्या स्वतःच्या घरात मात्र पंचवीस वर्षांची समीक्षा बसलेली होती. तिच्या डाव्या गालापासून मानेपर्यंत भाजल्याचा डाग होता, सुरकुतलेला, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट. ती मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरात एका खासगी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची, रोज बसनं जायची यायची. लहान पोरंसुद्धा तिच्या हातून सुई टोचून घेताना फारशी रडत नाहीत, असं लॅबचे डॉक्टर सांगायचे. पण हा झाला गुण. फकिरा तिच्यासाठी कुठं बोलायला गेला की नियमानं आधी खोट सांगायचा, "पोरगी लहानपणी भाजली आहे." पाच ठिकाणी त्यानं असं सांगितलं आणि पाचही ठिकाणी गोष्ट गुणांपर्यंत पोचलीच नाही.

या मार्गशीर्षात त्याचा साळा तेजराम लांजीचं एक स्थळ घेऊन आला. मुलगा राहुल, बियाण्यांच्या दुकानात कामाला, घरी थोडी शेती, वडील भोजराज. तेजरामनं भाचीच्या बापाला ओळखूनच अट घातली होती.

"भाटवे, या वेळी तुमी तोंड उघडू नका," तो बहिणीच्या नवऱ्याला म्हणाला. "फक्त पोरीचा फोटो पाठवा माह्याकडं. मी दाखवतो."

फोटो पाठवायचा म्हणजे व्हॉट्सॲप आलं, आणि फकिराकडं बटणांचा फोन होता. आजवर कागदी फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरायचं आणि दाखवायचं, एवढंच त्याला ठाऊक. समीक्षाच्या फोनवरून पाठवायचा प्रश्नच नव्हता. बोलणी पक्की होईपर्यंत मुलीचा नंबर मुलाकडं जाऊ नये, असं तोच सगळ्यांना बजावत आला होता, आणि फोटोसोबत नंबरही पुढं जातो अशी त्याची समजूत होती. म्हणून दुर्गाबाईनं नवऱ्याला धुतलेला सदरा घालायला लावला आणि बापलेक सकाळच्या बसनं बालाघाटला फोन घ्यायला गेले.

दुकान चौकाजवळच्या गल्लीत होतं. मालक राजेंद्र समीक्षाला ओळखत होता, त्याच्या आईचं रक्त तीच काढायची. तिनं आधीच दोन फोन ठरवून ठेवले होते. किंमत जवळपास सारखीच. एक निळा, पातळ, मागून चकाकणारा. दुसरा काळा, जाड, हातात घेतला तर दगडी पाटीसारखा.

"बाबा, तुमाले काळा घ्या," समीक्षा म्हणाली. "बॅटरी दोन दिवस टिकते. आपल्याकडं लाइन किती जाते तुमाले माहीत आहे. आन आवाज मोठा आहे."

"मी का बहिरा आहो?"

"बसमंदी फोन आला की तुमीच 'हॅलो हॅलो' करत राह्यता न."

राजेंद्रचं मत निळ्याकडं होतं. "काकाजी, आप तो शादी-ब्याह का काम करते हो. आपको कैमरा चाहिए. दोनों से फोटो खींच के देख लो."

हे फकिराला पटलं. त्यानं समीक्षाला काउंटरपाशी उजेडात उभं केलं, काळा फोन दोन्ही हातांत धरला आणि राजेंद्रनं दाखवलं तिथं अंगठा दाबला. फोटो बरा होता. समीक्षा दिसत होती, डाग दिसत होता, मागं भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. मग निळ्यानं काढला. या फोटोत समीक्षा गोरी होती, डोळे मोठे होते आणि गाल दोन्हीकडं सारखे होते. डाग नव्हता. फकिराला वाटलं काचेवर काही लागलं असेल. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकानं कॅमेरा पुसला आणि पुन्हा फोटो काढला. तरी डाग नव्हता.

"इसमें ब्यूटी वाला सिस्टम है काकाजी," राजेंद्र म्हणाला. "दाग-धब्बा अपने आप साफ."

"बंद नाही होत का?"

"होता है. लेकिन बंद कौन करता है?"

फकिरा त्या फोटोकडं पाहत राहिला. का पाहत राहिला, हे सांगायला हवं. समीक्षा चार वर्षांची असताना अंगणात उकड्या तांदळासाठी धान उकळायचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर होता. दुर्गाबाई पाहुण्यांसाठी चहा करायला आत गेली आणि जाताना नवऱ्याला सांगून गेली, पोरीकडं लक्ष ठेवा. फकिरा हौ म्हणाला. समोर दोन गावचे पाहुणे होते, कुणाच्या तरी मुलीची सोयरीक ऐन रंगात आली होती, आणि तो बोलत बसला. तो बोलत असतानाच पोरीनं गंज ओढला. जगाची खोट चारचौघांत सांगणाऱ्या या माणसानं ही एक खोट एकवीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. 'पोरगी लहानपणी भाजली' एवढंच त्याचं वाक्य असायचं आणि त्या वाक्यात तो स्वतः कुठंच नसायचा. निळ्या फोननं पोरीचा डाग पुसला, तसा त्याचा अपराधही पुसला. एवढी स्वस्त सुटका त्याला कुणीच दिली नव्हती.

"निळाच द्या," तो म्हणाला.

समीक्षा वळली. "काहून?"

"हलका आहे. खिशात जड होत नाही."

"तुमी गावभर पिशवी घेऊन फिरता, बाबा. खिशात काय ठेवता?"

"रंग बी चांगला आहे."

"रंग?" समीक्षा म्हणाली. तिनं वडिलांना आजवर रंगावरून काही घेताना पाहिलं नव्हतं. घराला चुनासुद्धा दुर्गाबाईनं भांडून लावून घेतला होता.

मग फकिरानं आवाज खाली घेतला, राजेंद्रनं ऐकू नये म्हणून. राजेंद्र शहाणा माणूस, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला.

"हे पाह्य बाई," फकिरा म्हणाला, "हा फोटो पाह्यला तर लांजीवाले एकदा घरापर्यंत तरी येतीन. तुले पाहतीन, तुह्याशी बोलतीन. मंग सांगू न आपण. या वेळी गुण पहिले सांगू."

अठ्ठावीस वर्षांचा नियम त्यानं एका दमात मोडून टाकला होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. पोरीसाठी मोडला, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

समीक्षानं काउंटरवरचा निळा फोन उचलला, स्वतःचा फोटो एकदा पाहिला आणि परत ठेवला.

"बाबा, पाच जणायनं नाही म्हटलं न, तवा मी कुठं होती? लॅबमंदी. कोणाचं तरी रक्त काढत होती. तुमी संध्याकाळी येऊन सांगतलं, मी जेवली आन झोपली. हे लोक घरी येतीन तवा मी चहाचा ट्रे घेऊन त्यायच्या समोर उभी राहीन. मी दारात आल्याबरोबर त्यायले समजीन. मंग ते चहा पितीन का नाही, याच्याकडं मी पाहत राहू का? नाही म्हणायचं असंल तर फोटो पाहून म्हणू द्या."

आपण खोट आधी सांगतो ती मुलाकडच्यांची फसवणूक होऊ नये म्हणून, असंच फकिरा आजवर समजत आला होता. त्यामुळं कुणा पोरीचं ट्रे घेऊन उभं राहणं वाचतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. गावोगावच्या किती पोरींना त्यानं नकळत वाचवलं होतं, आणि स्वतःच्या पोरीला तो ट्रे घेऊन उभी करायला निघाला होता.

"काळा द्या," तो राजेंद्रला म्हणाला. मग उगाच पुस्ती जोडली, "बॅटरी मोठी आहे म्हणते पोरगी."

बस स्टँडवर बसायला जागा मिळाली. समीक्षानं नव्या फोनमध्ये नंबर भरले, व्हॉट्सॲप सुरू केलं आणि बापाच्या हातात फोन देऊन स्वतःच डावा गाल उन्हाकडं केला. फकिराचं बोट कॅमेऱ्यावर आलं आणि पहिला फोटो बिघडला. दुसरा चांगला आला. त्यानं तो तेजरामला पाठवला.

बस सुटून अर्धा तास झाला असेल. दोन्हीकडं कापलेल्या धानाची रिकामी शेतं होती. फोन वाजला, पण तो उघडायचा कसा हे फकिराला अजून जमत नव्हतं. त्यानं तो समीक्षाकडं दिला.

"मामाचा मेसेज आहे," ती म्हणाली.

"नाही म्हणतात का?"

"नाही. हौ बी नाही. पोरगी कशी भाजली म्हणून विचारून राह्यले. भोजराजबुवाच्या घरचे मामाच्या जवळच बसले आहेत म्हणते."

"मंग लिह," फकिरा म्हणाला आणि नेहमीचं वाक्य सुरू केलं, "पोरगी लहानपणी..." पण ते पुढं सरकेना. त्यानं समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. त्याला भीती वाटत होती, लांजीवाल्यांची नव्हे, शेजारी बसलेल्या मुलीची. हे ऐकल्यावर ती आपल्याला बाबा म्हणेल की नाही, असं त्याला खरोखर वाटलं.

"लिह," तो पुन्हा म्हणाला. "धान उकळत होतं. आईनं पोरीकडं लक्ष ठेवाले सांगतलं होतं. बापानं नाही ठेवलं. पाव्हण्यायशी बोलत बसला होता. चूक बापाची आहे."

समीक्षाचा अंगठा कुठं थांबला नाही. तिनं सगळं लिहिलं, त्यानं सांगितलं तसं.

"तुले माहीत होतं?" फकिरानं विचारलं.

"आईनं सांगतलं होतं. मी दहावीत होती तवा."

"मंग इतकी वर्षं काही बोलली काहून नाहीस, बाई?"

"तुमी सांगान म्हणून वाट पाहत होती," समीक्षा म्हणाली आणि तिनं मेसेज पाठवला.