काकूंचा नॉर्वे

तमाम वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ऑन्टॅरिओतल्या लंडन शहरी, एका मराठी घरात, पाहुण्यांच्या हातात सामोशाच्या प्लेटा असताना अचानक दिवे गेले. वीजपुरवठा सुरळीत होता. संशयित एकच: सत्तरी ओलांडलेली, मूळची नागपूरची, पाच फुटांच्या आत उंची. गुन्ह्याच्या वेळी तिचं बोट बटणावरच होतं.

"आधी काळोख," काकू म्हणाल्या, "मग गोष्ट."

घर माझंच होतं. कोणाचा तरी पाय चटणीत पडला. तरी काकूंनी दिवा लावू दिला नाही.

तुमच्याही ओळखीत एखादी अशी व्यक्ती असेल, जिला एकच विषय येतो आणि तो कोणालाच नको असतो. आमच्या काकूंचा विषय होता नॉर्वेचं साहित्य. पेशाने त्या भूलतज्ज्ञ. कॅनडात येण्याआधी, तरुणपणी, उत्तर नॉर्वेतल्या एका गावच्या हॉस्पिटलात होत्या. तिथे भर हिवाळ्यात सूर्य दोन-दोन महिने उगवत नाही. शेजारची एक म्हातारी दुपारच्या काळोखात कॉफीची किटली घेऊन यायची आणि मोजे विणता विणता गोष्टी सांगायची. काकू तिच्याकडून भाषा शिकल्या, गोष्टी शिकल्या. मोजे मात्र त्यांना कधीच जमले नाहीत.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना दर वर्षी पंधरा मिनिटं मिळत. निवेदक मी. पाचव्या मिनिटाला पुढच्या रांगेतल्या माना कलायला लागायच्या. काकूंना त्याचं काही वाटत नसे.

"लोकांना झोपवण्यात माझी हयात गेली," त्या म्हणायच्या. "फरक एवढाच, की तेव्हा मी त्यांना परत उठवायचे."

एकदा मला म्हणाल्या, "हे बघ पुणेकर, तिथले राजे पदरी भाट ठेवायचे. कविता आवडली तर सोन्याचं कडं. बिनसलं तर मान जायची."

"म्हणजे समीक्षा कडक होती."

"तुझं निवेदन त्या राजानं ऐकलं असतं ना," काकू शांतपणे म्हणाल्या, "तर तुझी बायको आज मोकळी असती."

माझी बायको इतकी हसली की मला अजून शंका येते.

मग आइसलंड. काही लोक राजाशी भांडून बोटीत बसले आणि तिकडे गेले, असं काकू सांगत होत्या. "आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी काय केलं? जुन्या देशातली भांडणं लिहून काढली. कोण कोणाला काय बोललं, कोणाच्या मेजवानीत कोणाला खाली बसवलं, सगळं!"

"आपला व्हॉट्सॲप ग्रुप!" मागून कोणीतरी म्हणालं. काकूंच्या व्याख्यानाला मिळालेला तो पहिला हशा. त्या आठवडाभर खुशीत होत्या.

नॉर्वेवर काही शतकं डेन्मार्कची सत्ता होती. घरात बोलायचं आपलं, लिहायचं डॅनिश. पुढे एक माणूस उठला, खेडोपाडी पायी फिरला, शेतकऱ्यांच्या बोली गोळा केल्या आणि त्यातून लिहायची नवी भाषा उभी केली. आजही तिथे दोन तऱ्हांचं नॉर्वेजियन लिहितात आणि पोरांना दोन्ही शिकावं लागतं. हे सांगून झालं की काकू माझ्याकडे बोट दाखवायच्या. "आणि आमच्या नागपूरवर राज्य कोणाचं? या डॅनिश लोकांचं!" तेव्हापासून मंडळातले यच्चयावत पुणेकर डॅनिश झाले.

ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेचे लोक डोंगरातल्या केबिनमध्ये जातात आणि खुनाच्या कादंबऱ्या वाचतात. ही तिथली रीतच आहे. सोबत संत्री. गुड फ्रायडेला काकू आमच्या दारात उभ्या: एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसऱ्यात जुनी रहस्यकथा. "वाच. सोमवारी विचारीन, खून कोणी केला." माझी मुलगी एरवी मराठी माणसाशी 'हाय' आणि 'बाय' यापलीकडे बोलत नाही. ती सोमवारी सकाळी काकूंना स्वतःहून फोन करून म्हणाली, "काकू, इट वॉज द डेंटिस्ट!"

आता काकू हॅलिफॅक्सला, लेकीकडे असतात. समुद्र दिसतो, हवा खराब असते, त्या मजेत आहेत. आमच्या घरचे दिवे आता वेळच्या वेळी लागतात, आणि पार्ट्या जरा सपक होतात.

पण संक्रांतीची ती संध्याकाळ तुम्हाला सांगायलाच हवी.

त्याआधी मंडळाच्या कमिटीची मीटिंग झाली होती. सेक्रेटरी काकूंना म्हणाले, "काकू, रागावू नका, पण या वर्षी लोक तुमच्या वेळेला जेवायला उठले, तर पुढच्या वर्षीपासून तो स्लॉट कराओकेला."

"ठरलं," काकू म्हणाल्या. पण जाताना त्यांनी हातमोजे उलटे घातले, तेव्हा मला कळलं, त्यांना किती लागलंय ते.

कार्यक्रमाचा हॉल चर्चच्या बेसमेंटमधला. मागे पुलावाची झाकणं उघडलेली, काही जण प्लेटा घेऊन रांगेत उभेसुद्धा. काकूंनी कागद आणला नव्हता. त्यांनी स्टेजवर एक घडीची खुर्ची मांडली आणि मला दिवे घालवायची खूण केली. फक्त दारावरचा लाल दिवा उरला.

"हजार वर्षांपूर्वी," काकू म्हणाल्या, "तिकडच्या बायकोला नवरा सोडायचा असेल तर साक्षीदार बोलवायचे आणि तीनदा सांगायचं. एकदा पलंगाशी, एकदा दाराशी, एकदा गावसभेपुढे. ही त्यातलीच एक. आणि हा तिचा नवरा." त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

मग त्या ती बाई झाल्या. ती बाई रोज काळोखात गोष्टी सांगते. पाहुणे ऐकत असतात आणि नवरा मधेच म्हणतो, "पुरे, जेवण वाढ." एकदा म्हणतो, दहादा म्हणतो. एका रात्री ती वाढायचा डाव खाली ठेवते.

"पाहुण्यांनो, ऐका. मी जाते आहे." हे पलंगाशी.

दाराशी जाऊन पुन्हा तेच. आवाज जराही चढलेला नाही. पुलावाच्या रांगेतला कोणीही हलेना.

मग त्या आमच्याकडे वळल्या. गावसभा आम्हीच होतो. "ऐका सगळे. मी जाते आहे." त्या बेसमेंटच्या चार पायऱ्या चढल्या, पार्किंग लॉटचं खरंखुरं दार त्यांनी उघडलं, बर्फाळ वाऱ्याचा झोत आत आला आणि नुसत्या साडीत काकू बाहेर गेल्या. दार लागलं.

कोणाच्या प्लेटचाही आवाज नाही. तेवढ्यात आमचे सेक्रेटरी ताडकन उठले आणि रिकाम्या खुर्चीवर ओरडले,

"अरे गाढवा, बसलायस काय नुसता! बाहेर मायनस वीस आहे, तिला कोट तरी दे!"