धार दिली का?

देवासला उतरले तेव्हा पर्समध्ये एका बाटलीचं लेबल होतं आणि डोक्यात भलता उत्साह. पुण्यात माझं सरबताचं दुकान आहे. कोकम सरबतावर ते नावारूपाला आलं. आता मोहाच्या फुलांचं सरबत काढायचं होतं. नावही ठरलं होतं, 'मोहमाया'. होळी उलटली होती, फुलं पडायचा हंगाम. एक पोतं फुलं आणि करायची अस्सल रीत घेऊन परतायचं, नाहीतर हा उन्हाळा हातचा जाणार होता.

मामेभाऊ विनय घ्यायला आला. त्याचं घराणं मराठी दरबाराबरोबर इकडे आलेलं, तो स्वतः बँकेत. सकाळी त्याने देवीच्या टेकडीखाली पोहे खायला नेलं. वर शेव, शेजारी जिलबी. मी सहज म्हटलं, "इंदुरी पोहे मस्तच!" तर तो चिडलाच.

"ताई, पोहे आपण आणले इकडे. आता हे इथले भिया लोक आपल्यालाच समझावतात पोहे कसे खायचे!"

मीही तावातावाने मान डोलावली. पर्समधलं लेबल तेव्हा मला आठवलं नाही, याची आता लाज वाटते.

मग त्याच्या गाडीने निघालो. धारला किल्ला पाहिला, पुढे दोनदा रस्ता चुकलो आणि दुपार कलता कलता धरमपुरीजवळच्या एका पाड्यावर पोचलो. खाली नर्मदा चमकत होती. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड, जड वास डोक्यात चढत होता. झुमकीबाई नावाच्या भिल्ल आजींकडे विनयच्या ओळखीच्या कुणीतरी पाठवलं होतं. त्यांनी खाट टाकली आणि पानाच्या दोन्यात (द्रोणात) घरची मोहाची दारू पुढे केली. मी पाहुणचाराचा मान राखत एका घोटात संपवली.

आजी रिकाम्या दोन्याकडे बघतच राहिल्या.

"धार नी दी?" झुमकीबाईंनी विचारलं.

"हां, हां, धार देखा! किला भी देखा," मी उत्साहाने सांगितलं.

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी विनयकडे पाहिलं. त्याचा जन्म इथला, पण तोही माझ्याइतकाच गोंधळलेला. मग त्यांनी दुसरा दोना भरला, आधी थोडी दारू जमिनीवर ओतली आणि पुटपुटत चार नावं घेतली. त्यांच्या गेलेल्या माणसांची. आधी त्यांना धार, मग आपण.

सावरायला म्हणून मी लेबल काढलं. त्यावर आरशांच्या घागऱ्यातली बाई आणि खाली 'आदिवासी परंपरेची चव'.

"ये कोण?" झुमकीबाई म्हणाल्या. "ये तो बंजारण है. हमारी नी."

चित्र मी इंटरनेटवरून उचललं होतं. कुणाचं, हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

मी फुलांचं पोतं मागितलं. त्या लगेच नाही म्हणाल्या नाहीत. दोना माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "शरबत किससे सीखी? उसके नाम की धार दे."

कोकम सरबत मला शेजारच्या चाळीतल्या एका कोकणी बाईंनी शिकवलं. आम्ही त्यांना नुसतं 'सरबतवाल्या काकू' म्हणायचो. त्या वारल्याचंही मला उडत उडत कळलं. त्यांची रीत मी माझ्या नावाने विकते. त्यांचं नाव मला माहीत नव्हतं; तसं मी सांगितलं.

"तो पहले नाम लेके आ," झुमकीबाई म्हणाल्या. "फूल कहाँ भाग रे हैं."

परतताना विनय समजूत काढत होता, "टेन्शन नको घेऊ ताई, कन्नौदच्या मंडीत बघू, फुलं मिळून जातील." मला फुलं नकोशी झाली होती, की हवीच होती, तेही नीट कळेना. मंडीत गेले नाही. रिकाम्या हाताने पुण्याला आले.

घरी पोचल्यावर आपल्याच कोकमाची बाटली उघडली आणि ओट्याजवळ थोडं सरबत जमिनीवर ओतलं. पांढऱ्या फरशीवर लाल ओघळ पसरला.

"अगं, सांडलं! फडकं आणू का?" नवरा धावला.

"थांब," मी म्हटलं. "सरबतवाल्या काकूंचं नाव काय होतं रे?"

तो म्हणाला, "कुठल्या काकू?"