पाव फेरा

बाबांचा दात मी पाडला. पितळी तांब्या फेकला, तो थेट त्यांच्या तोंडावर बसला. तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या डाव्या नडगीत चार सळया आरपार घातलेल्या होत्या.

लहानपणीच्या पोलिओने तो पाय दोन इंच आखूड राहिलेला. मुंबईच्या डॉक्टरांनी हाड मधोमध कापलं आणि सळयांना बाहेरून पोलादी चौकट जोडली. चौकटीचे दोन नट रोज सकाळ-संध्याकाळ पाव फेरा फिरवायचे, म्हणजे हाडाची टोकं केसभर लांब सरकणार आणि मधे नवं हाड धरणार. बाबा कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर, म्हणून डॉक्टरांनी मला घरी सोडलं. इंजिनं खोलणारा माणूस पोटच्या पोरीला पाना लावू लागला.

आई माझे हात दाबून धरायची. मी चावायचे, ओरबाडायचे, "मेलात तरी रडणार नाही" म्हणायचे. शेजारच्या काकू भिंतीवर बत्ता आपटून ओरडायच्या, "अहो, पोरीचा जीव घेताय का?" मार खायचे बाबा आणि वर बोलही तेच ऐकायचे. शेवटी तो तांब्या.

दुसऱ्या दिवशी सुजलेला ओठ घेऊन ते नट न फिरवताच कामावर गेले. पाना माझ्या उशाशी होता. आई म्हणाली, "म्हणाले, आज माझ्याच्यानं होणार नाही."

मला असा संताप आला! आई नळावर गेली तशी मीच पाना उचलला. पाव नाही, दोन्ही नट पुरा फेरा फिरवले. नडगीत निखारा कोंबल्यासारखं झालं. मी किंचाळले, आणि मारायला समोर कोणी नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी नट पाहिले. "कुणी फिरवले?"

"मी."

त्यांनी फाडकन माझ्या मुस्काटात मारली. जन्मात पहिल्यांदा. मग घाईघाईने नट उलटे फिरवले आणि जमिनीवर बसून माझं पाऊल हातात घेतलं. जास्त ताण बसला तर नस जाते, पाऊल कायमचं लुळं पडतं, हे डॉक्टरांनी फक्त त्यांनाच सांगितलं होतं.

"अंगठा हलव," ते म्हणाले. "हलव ना गं. एकदाच हलव, बाळा."

मला अंगठा हलवता येत होता. पण ते पावलावर कपाळ टेकून हुंदके द्यायला लागेपर्यंत मी तो हलवला नाही. आणि तेवढा वेळ मला फार बरं वाटत होतं.